ठिपक्यांची मोजणी आणि माणसाचे माप



या वसंत व्याख्यानमालेचे निमंत्रण घेऊन चालक मंडळी आमच्याकडे आली, तेव्हा आम्ही किमान वेतनावर किंवा ऊसतोड मजुरांच्या प्रश्नावर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. त्या विषयांवर आम्ही वर्षाचे बारा महिने बोलत असतोच. ज्यांना ते ऐकून कंटाळा आला असेल त्यांना आज एक दिवसाची सुट्टी द्यावी असे आम्ही ठरविले. आजचा आमचा विषय दिसावयास लहान आणि यंत्रातला आहे. व्हिडिओचे संकलन करताना चित्रातल्या ठिपक्याचा आकार कसा सांभाळावा, हा तो विषय होय. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात, आणि त्याच्या रुंदीचे उंचीशी जे प्रमाण असते त्याला पिक्सेल आस्पेक्ट रेशो असे लांबलचक नाव आहे. आपण त्याला ‘ठिपक्याचे प्रमाण’ म्हणू.

संघटनेच्या माणसाला हे कशाला हवे, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. आमच्या कचेरीतल्या कपाटात जुन्या कॅसेटा आहेत. मोर्चे, धरणी, परिषदा, शोकसभा असे पंचवीस-तीस वर्षांचे आयुष्य त्यांत साठले आहे. ज्या माणसांनी कधी स्टुडिओत जाऊन फोटो काढला नाही, त्यांचे चेहरे दुसरीकडे कोठेही नाहीत, ते या कॅसेटांत आहेत. गावोगावच्या मंडळांकडे, शाळांकडे, लग्नघरांकडेही अशाच कॅसेटा आहेत. आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, संगणकावर संकलन करणारी पोरे आहेत, आणि जुने चित्रण नव्यात मिसळून एक फिल्म करावी असे सर्वांना वाटू लागले आहे. नेमके याच ठिकाणी घोटाळा होतो. सडपातळ माणूस पडद्यावर गुबगुबीत दिसतो, किंवा धट्टाकट्टा माणूस दोन दिवसांचा उपाशी दिसतो. घोटाळा कॅमेऱ्याने केलेला नसतो. तो मोजणी आणि माप यांची गल्लत झाल्याने होतो. ही गल्लत काय आहे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आपल्या अंगणातली ठिपक्यांची रांगोळी घ्या. सात आडवे, सात उभे असे ठिपके मांडून मुलगी कमळ काढते. आडव्या ठिपक्यांत बोटभर अंतर आणि उभ्या ठिपक्यांतही बोटभर अंतर असेल, तर कमळ गोल येते. पण आडव्या ठिपक्यांत दीड बोट अंतर पडले, तर तेच सात-साताचे कमळ पसरट होते. ठिपके मोजाल तर बरोबर सात आणि सात. मोजणी चुकलेली नाही, तरी आकार बिघडला. कारण दोन ठिपक्यांत किती अंतर, हे मोजणीत येतच नाही. ते वेगळे सांगावे लागते.

विणकरांना तर हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. एका इंचात ताण्याचे साठ धागे आणि बाण्याचे अठ्ठेचाळीस धागे असे कापड असेल, आणि साध्या चौकटीच्या कागदावर साठ घरे रुंद, साठ घरे उंच असे चौरस फूल रेखून तुम्ही ते मागावर चढविले, तर कापडावर ते एक इंच रुंद आणि सव्वा इंच उंच उतरेल. म्हणून जाणता नक्षीकार घरे असमान असलेला कागद घेतो. त्या कागदावर नक्षी चेपल्यासारखी दिसते, पण कापडावर नीट उतरते. व्हिडिओच्या ठिपक्याची सगळी विद्या एवढीच आहे. बाकीचा तपशील म्हणजे कोणत्या कापडात किती ताणा आणि किती बाणा, याची यादी.

आता ती यादी कशी जमली ते पाहू. सिनेमाचे चित्र मूकपटाच्या काळापासून चारास तीन या प्रमाणात होते, म्हणजे चार हात रुंद तर तीन हात उंच. दूरदर्शनने तेच प्रमाण उचलले. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हापासून आपल्याकडच्या घरांत आलेले चित्र याच आकाराचे. मध्यंतरी सिनेमाने आपला पडदा रुंद केला. १९५३ मध्ये अमेरिकेत ‘द रोब’ हा सिनेमास्कोप चित्रपट आला, आणि १९५९ मध्ये गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ हा आपल्या देशातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. त्याचे छायाचित्रण व्ही. के. मूर्ती यांचे. यात युक्ती अशी होती की फिल्मची पट्टी जुन्याच रुंदीची ठेवावयाची, मात्र कॅमेऱ्यापुढे एक विशेष भिंग लावून रुंद दृश्य निम्म्या रुंदीत दाबून साठवावयाचे, आणि थिएटरात उलटे भिंग लावून ते पुन्हा पसरावयाचे. ऑपरेटर ते भिंग लावावयास विसरला, तर पडद्यावरचा नायक ज्वारीच्या ताटासारखा लांब दिसणार. डब्यातली फिल्म खोटी नव्हती; ती दाबून ठेवली आहे हे सांगणारे भिंग मात्र जागेवर हवे होते. व्हिडिओत त्या भिंगाचे काम एक आकडा करतो.

हा आकडा जन्मला कसा, ही गोष्ट आमच्यासारख्या वाटाघाटी करणाऱ्या माणसास फार रंजक वाटते. १९८२ हे साल आपण सर्वजण गिरणी संपामुळे लक्षात ठेवतो. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी काम थांबविले, आणि त्यांच्याशी न्याय्य तडजोड कधीच झाली नाही. त्याच वर्षी दिल्लीच्या एशियाई खेळांच्या निमित्ताने आपले दूरदर्शन रंगीत झाले. आणि त्याच वर्षी जिनिव्हात एक तडजोड यशस्वी झाली. तिच्याबद्दल वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना काही कळले नाही, पण तिचा परिणाम आपल्या कपाटातल्या प्रत्येक डिजिटल कॅसेटवर झालेला आहे.

जगात तेव्हा दूरदर्शनचे दोन गट होते. अमेरिका, जपान वगैरे देशांत चित्राच्या ५२५ ओळी आणि सेकंदाला सुमारे ३० चित्रे. युरोप, भारत आणि इतर अनेक देशांत ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रे. ओळींतल्या काही चित्रासाठी नसतात, त्या वजा केल्यावर आपल्याकडे चित्राच्या ५७६ ओळी उरतात. चित्राचे आकड्यांत रूपांतर करावयाची वेळ आली, तेव्हा प्रत्येक ओळीचे किती तुकडे पाडावयाचे हा प्रश्न आला. दोन गटांनी दोन हिशेब धरले असते, तर यंत्रेही दोन तऱ्हेची करावी लागली असती. म्हणून असा आकडा शोधला की जो दोघांच्याही ओळींच्या वेगाने पूर्ण भागला जातो. तो सापडला : सेकंदाला एक कोटी पस्तीस लाख तुकडे. त्या हिशेबाने अमेरिकी ओळीत ८५८ आणि आपल्या ओळीत ८६४ तुकडे बसतात. आणि त्यांपैकी चित्रासाठी दोघांनीही सारखेच ७२० धरावेत असे ठरले. ही शिफारस ‘६०१’ या क्रमांकाने प्रसिद्ध आहे.

तडजोड चांगली होती यात शंका नाही. परंतु प्रत्येक तडजोडीत कोठेतरी एक कलम असते, ज्याचा भार पुढे कोणाला तरी वाहावा लागतो. येथे तो भार ठिपक्यावर पडला. दोन्हीकडे ओळी वेगळ्या, पण आडवे ठिपके सारखेच ७२०. मग दोघांचेही चित्र चारास तीन भरावयाचे असेल, तर ठिपका चौरस राहणे शक्य नाही. अमेरिकी गटात तो थोडा उभट झाला. आपल्याकडे तो थोडा पसरट झाला. कोणी कोणाला फसविले नाही. मात्र ‘आमचा ठिपका चौरस नाही’ ही टीप चित्राबरोबर सदैव बाळगणे भाग पडले. ट्यूबच्या जुन्या टीव्हीला ही टीप लागत नसे, कारण तो येणारी ओळ आपल्या काचेच्या रुंदीभर आपोआप पसरीत असे. संगणकाचा पडदा मात्र चौरस ठिपक्यांचा. टीप हरवली की तो भाबडेपणाने प्रत्येक ठिपका चौरस समजतो आणि माणसाला चेपतो.

थोडे अंकगणित करू. उंची ५७६, आणि प्रमाण चारास तीन. म्हणजे चौरस ठिपक्यांनी रुंदी हवी ७६८. कॅसेटवर ठिपके ७२०. तेव्हा ७६८ भागिले ७२०, म्हणजे १.०६७ हे एका ठिपक्याचे प्रमाण, असे सातवीचा मुलगाही सांगेल. पण येथे एक मेख आहे. ७२० ठिपक्यांत दोन्ही कडांना थोडी मोकळी जागा धरलेली आहे. दूरदर्शनच्या ओळीत प्रत्यक्ष चित्राचा काळ ५२ मायक्रोसेकंद. त्यात वरच्या वेगाने ७०२ ठिपके बसतात. म्हणजे चारास तीनचे चित्र ७०२ ठिपक्यांत संपते, आणि सुमारे नऊ-नऊ ठिपके दोन्ही बाजूंस शेताच्या बांधासारखे राहतात. बांध धरून शेत मोजले की एक आकडा येतो, बांध सोडून मोजले की दुसरा. बांध सोडून मोजल्यास ठिपक्याचे प्रमाण सुमारे १.०९ भरते. म्हणूनच वेगवेगळ्या संकलन-कार्यक्रमांत दोन वेगवेगळे आकडे आढळतात. अडोबी कंपनीचा प्रीमिअर हा कार्यक्रम पूर्वी १.०६७ धरीत असे. २००८ च्या आवृत्तीपासून तो १.०९४ धरू लागला. त्या वेळी जगभरच्या संकलकांत बराच वाद झाला. फरक शेकड्यास दोन-अडीचचा आहे. एकट्या चेहऱ्यावर तो डोळ्यांना जाणवत नाही. पण एकच प्रसंग अर्धा एका आकड्याने आणि अर्धा दुसऱ्या आकड्याने सुधारला, तर जोडावर चित्र दचकते. तेव्हा आकडा कोणताही घ्या, पण एका फिल्ममध्ये एकच घ्या. वेगवेगळ्या गटांना वेगवेगळे दर लावले की मजुरांत भांडण लागते, तसेच हे आहे.

कॅसेटांचे प्रकार आता भराभर सांगतो. साधी मिनी-डीव्ही कॅसेट आणि डीव्हीडी यांत ७२० बाय ५७६ ठिपके, प्रमाण वरचेच. आपल्या बाजारात अहिराणी गाण्यांच्या ज्या व्हीसीडी मिळत असत, त्यांत ३५२ बाय २८८. आकडे निम्म्याच्या आसपास, पण ठिपक्याचे प्रमाण तेच १.०९. पुढे काही कॅमेऱ्यांत ‘वाइड’ असे बटण आले. त्यातही ठिपके तेच ७२० बाय ५७६, पण चित्र सोळास नऊ. म्हणजे साध्या हिशेबाने ठिपक्याचे प्रमाण १.४२. ही गोष्ट फार फसवी आहे, कारण दोन्ही फायली आकड्यांत अगदी जुळ्या दिसतात. २००३ नंतर एचडीव्ही नावाचा प्रकार आला. त्यात १४४० बाय १०८० ठिपके आणि प्रमाण १.३३, म्हणजे पसरल्यावर रुंदी १९२० होते. आजच्या मोबाईलचे चित्र बहुधा १९२० बाय १०८० चे, आणि ठिपका चौरस. तो चौरस आहे म्हणूनच आजच्या पोरांना जुन्या ठिपक्याची शंका येत नाही.

आता चुकीचा परिणाम किती होतो ते पाहा. साधी कॅसेट चौरस समजून वापरली, तर माणूस शेकडा आठाच्या आसपास बारीक होतो. वाइड कॅसेट साधी समजून वापरली, तर माणसाची पाव रुंदी जाते. आणि चारास तीनचे चित्र ओढून सोळास नऊच्या पडद्यावर भरले, तर माणूस एक-तृतीयांश रुंद होतो. साठ किलोच्या माणसाला दुकानदाराने ऐंशी किलो म्हणून तोलावे, त्यातलाच हा प्रकार. काट्यावर उसाची गाडी इतकी चुकली असती, तर आपण कारखान्याचे फाटक बंद केले असते. चेहऱ्याच्या बाबतीत मात्र आपण म्हणतो, चालावयाचेच.

चालावयाचे का नाही, याचे एक उदाहरण आपल्या शेजारीच आहे. मालेगाव हे यंत्रमागांचे शहर. तेथल्या शेख नासिर यांनी घरगुती व्हिडिओ कॅमेऱ्यावर, गावातल्याच माणसांना घेऊन सिनेमे काढले. २००० सालचा ‘मालेगाव के शोले’ खानदेशभर माहीत झाला. पुढे त्यांनी मालेगावचा सुपरमॅन करावयास घेतला, आणि तो कसा घडला यावर फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा मोठा चित्रपटही आला. त्या गावठी सुपरमॅनची भूमिका शफीक शेख यांनी केली. ते यंत्रमागावर काम करणारे, अंगाने अगदी काडीसारखे. पुढे ते कर्करोगाने गेले. त्या सिनेमातला विनोद त्यांच्या हडकुळेपणात होता, आणि त्या सिनेमातले सत्यही तेथेच होते. बारा-बारा तास माग चालविणाऱ्या माणसाचे शरीर कसे असते, ते तो निळा पोशाख न बोलता सांगत होता. आता असे चित्र कोणी घरच्या रुंद टीव्हीवर, काळ्या पट्ट्या आवडत नाहीत म्हणून, ओढून भरले, तर काय होईल? सुपरमॅन अंगाने भरेल. विनोद जाईल, आणि विनोदाबरोबर यंत्रमाग कामगाराची साक्षही जाईल. रिमोटवरच्या एका बटणाने एवढे होते.

दुसरे उदाहरण आमच्या संघटनेतले. आमचा एक जुना सहकारी वारला. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबलेला माणूस. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. एका मोर्चाच्या कॅसेटमध्ये तो झेंडा धरून चालताना काही क्षण दिसतो, एवढेच. घरच्यांनी त्या चित्रणावरून शहरातल्या एका दुकानात फोटो करून आणला. दुकानदाराने चित्र रुंद पडद्यावर ओढले आणि त्यातूनच चेहरा कापून चौकटीत बसविला. मुलीने चौकट हातात घेतली, थोडा वेळ पाहिली आणि म्हणाली, “हाऊ मना बाप नही शे.” तिला ठिपक्याचे प्रमाण माहीत नव्हते, बापाचे गाल माहीत होते. नंतर मूळ कॅसेटवरून, योग्य प्रमाण लावून तेच चित्र पुन्हा काढले, आणि तो फोटो तिच्या घरच्या भिंतीवर आहे. गरीब माणसाची मागे राहिलेली मालमत्ता कित्येकदा एवढीच असते. ती कोणी फुगवून किंवा चेपून देऊ नये, हा आमच्या मते हक्काचा प्रश्न आहे.

प्रमाण बरोबर आहे की नाही, हे ओळखावे कसे? चेहऱ्यावर विसंबू नका; अनोळखी माणूस जाडा की बारीक, हे आपल्याला ठाऊक नसते. गोल वस्तू शोधा. सायकलचे चाक, बैलगाडीचे चाक, समोरून दिसणारी थाळी किंवा डफ. पडद्यावर पट्टी धरून त्याची रुंदी आणि उंची मोजा. सारखी आली पाहिजे. वस्तू मात्र अगदी समोरून दिसणारी हवी, कारण तिरकी थाळी तशीही लंबगोलच दिसते. आपल्या साक्री तालुक्याला तर याबाबत देणगीच मिळाली आहे. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. चक्की समोरून दिसत असेल, तर तिचे एकच पाते नजरेत धरा. उभे असताना जेवढे लांब, तेवढेच ते आडवे आल्यावर लांब दिसले, तर चित्राचे प्रमाण खरे. आडवे आल्यावर पाते आखडू लागले आणि उभे होताना वाढू लागले, तर समजावे की ठिपक्याची टीप हरवली. पवनचक्कीचे पाते काही फिरता फिरता वाढत नाही.

आता प्रत्यक्ष कामाचे नियम. आम्ही हे शाळेत शिकलो नाही. जेथे अडले तेथे विचारून, वाचून शिकलो. म्हणून साध्या शब्दांतच सांगतो.

पहिला नियम, नक्कल खरी घ्या. डिजिटल कॅसेट असेल, तर तिच्यावरचे आकडे जसेच्या तसे संगणकात उतरविता येतात. त्यासाठी फायरवायर नावाची जोडणी लागते. तासाभराच्या मिनी-डीव्ही कॅसेटला सुमारे १३ गीगाबाइट जागा लागते. टीव्हीवर कॅसेट लावून मोबाईलने पडद्याचे चित्रण करणे ही नक्कल नव्हे. आणि हे काम लवकर करा; त्या कॅसेटा वाचणारी यंत्रे दुर्मिळ होत चालली आहेत.

दुसरा नियम, टीप लिहा. फाइलच्या नावात किंवा सोबतच्या वहीत साल, ठिकाण, कॅमेऱ्याचा प्रकार, आणि साधे की वाइड, हे लिहून ठेवा. हजेरीपट नसला की मजुरी बुडते. टीप नसली की चेहरा बुडतो.

तिसरा नियम, चित्र हाताने ओढू नका. कार्यक्रमाला ठिपक्याचे प्रमाण सांगा. प्रीमिअरमध्ये ‘इंटरप्रिट फुटेज’ आणि डाव्हिंची रिझॉल्व्हमध्ये ‘क्लिप ॲट्रिब्यूट्स’ या नावाखाली ही सोय आहे. कोपरा धरून नजरेच्या अंदाजाने ओढलेले चित्र प्रत्येक प्रसंगात निराळे होते. सांगितलेला आकडा सगळीकडे सारखा लागतो.

चौथा नियम, दुरुस्ती एकदाच करा. एकाने चित्र सुधारून चौरस ठिपक्यांत पाठविले आणि दुसऱ्याने जुनी टीप पुन्हा लावली, तर माणूस दुसऱ्या बाजूने बिघडतो. हिशेबात एकच रक्कम दोनदा जमा करावी तसे होते. फाइल देताना ‘मूळ’ किंवा ‘सुधारलेली’ हे शब्द लिहून द्या.

पाचवा नियम, उंची बदलण्याआधी ओळी सोडवून घ्या. जुन्या व्हिडिओत प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येते; आधी एकाआड एक ओळी, मग राहिलेल्या. दोन हप्त्यांत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचे अंतर असते. तेवढ्यात चालणाऱ्याचा हात पुढे गेलेला असतो. हे न सोडविता चित्र उंच केले, तर हलणाऱ्या कडांवर फणीसारखे दात दिसतात. म्हणून आधी डी-इंटरलेस, मग मोठे करणे. केवळ रुंदी बदलावयाची असेल, तर ही अडचण येत नाही.

सहावा नियम काळ्या पट्ट्यांबद्दल, आणि येथे आमच्याच कार्यकर्त्यांशी आमचा वाद होतो. नव्या रुंद चौकटीत १०८० उंचीचे जुने चित्र ठेवले, की ते १४४० रुंद भरते आणि दोन्ही बाजूंस २४० ठिपक्यांच्या काळ्या पट्ट्या राहतात. तरुणांना त्या ओंगळ वाटतात. ते म्हणतात, ओढावयाचे नसेल, तर वरून-खालून कापून पडदा भरा. कापल्याने माणूस वाकडा होत नाही हे खरे. पण चित्राचा चौथा हिस्सा जातो. मोर्चाच्या चित्रात वर काय असते? झेंडा आणि फलक. खाली काय असते? पाय. ६ मार्च ते १२ मार्च २०१८ या दिवसांत नाशिकहून मुंबईपर्यंत शेतकरी आणि आदिवासी चालत गेले. त्या मोर्चाचे भाषण कोणाला आठवत असेल-नसेल. फोड आलेले, सोललेले पाय सगळ्या देशाने पाहिले. पाय कापून मोर्चा दाखवावयाचा, ही कल्पनाच आम्हाला सोसत नाही. काळी पट्टी ही उणीव नाही. ‘हे चित्र त्या काळचे आहे, त्या काळी चौकट एवढीच होती,’ असे ती प्रामाणिकपणे सांगते. एखादा प्रसंग कापल्याने खुलत असेल, तर संकलकाने विचारपूर्वक तो जरूर कापावा. पडदा रिकामा दिसतो एवढ्याच कारणासाठी कापू नये.

शेवटचा नियम, मूळ फाइलला हात लावू नका. दुरुस्ती नेहमी नकलेवर करा. यात भावनेपलीकडे कायद्याचाही भाग आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात द्यावयाचा, तर प्रमाणपत्र लागते, आणि त्यात फाइलची ‘हॅश’ म्हणजे आकड्यांची बोटखूण नोंदवावी लागते. फाइलमधला एक ठिपका बदलला, तरी ही बोटखूण बदलते. लाठीमाराचे, अपघाताचे किंवा कामावरच्या परिस्थितीचे चित्रण हाती असेल, तर ते सुंदर करण्याच्या भरात मूळ बिघडवू नका. मूळ जसे आहे तसे कुलपात. नीट प्रमाणाचे चित्र त्याच्या नकलेतून.

बंधुभगिनींनो, कष्टकऱ्यांच्या लढ्याचा पुष्कळसा भाग मापाचा लढा आहे. उसाचे वजन, कापडाचे वार, कामाचे तास, जमिनीचे गुंठे. मालकाच्या वहीत मोजणी नेहमीच बरोबर असते. माप कोणते धरले, एवढेच तो सांगत नाही. म्हणून आपल्या लोकांनी मापाकडे लक्ष देण्याची सवय लावून घेतली. तीच सवय आता या चित्रांच्या बाबतीत लावून घ्यावी, अशी आमची विनंती आहे. संगणकाला विचारले तर तो सांगेल, ठिपके ७२०, ओळी ५७६, सर्व ठीक. त्याचे म्हणणे खोटे नाही, पण तेवढ्यावर थांबू नये. एक ठिपका किती रुंद, हा पुढचा प्रश्न आपण विचारावयाचा आहे.

ज्यांच्याकडे जुन्या कॅसेटा असतील, त्यांनी त्या या उन्हाळ्यात कपाटातून काढाव्यात. पुढच्या पावसाळ्यातल्या बुरशीची वाट पाहू नये. संघटनेच्या कचेरीत दोन मुले हे काम शिकली आहेत; ज्यांना शिकावयाचे असेल त्यांनी जरूर यावे, जात, पक्ष, संघटना कोणी विचारणार नाही. येताना एक थाळी बरोबर आणली, तर पडताळणीच्या उपयोगी पडेल. आणि जेवणाची वेळ झाली, तर तिचा दुसरा उपयोगही आम्ही जाणतो.